कापसाच्या गाडीवर

दसरा झाला की खामगावकडे येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळी पांढऱ्या होतात. कापसानं खचाखच भरलेल्या गाड्या काट्यांना घासून जातात आणि प्रत्येक काट्यावर थोडा थोडा कापूस राहतो. लांबून पाहणाऱ्याला बाभळीला फुलं आली असं वाटावं. मी रोज सकाळी स्कूटीवरून कामाला जाते तेव्हा हे दिसतं आणि मनातल्या मनात मी ते कुणाला तरी सांगायला लागते. डावीकडे बाभळी, त्यांच्यावर कापूस, पुढे मेंढ्या, त्यांच्या अंगावरही कापूस. ही सवय मला एका हंगामात लागली. ते गुलाबी बोंडअळीचं वर्ष होतं.

तेव्हा आम्ही पिंपळगाव राजाला राहत होतो. माझे अब्बा, उस्मानभाई, पिंजारी. गाद्या, रजया, उशा यांचा कापूस पिंजून द्यायचा हा आमचा पिढीजात धंदा. घरी विजेवरचं मशीन होतं, पण कापसाच्या हंगामात अब्बा जुनी धुनकी घेऊन गावोगाव फिरायचे. धुनकी म्हणजे माणसाच्या उंचीची लाकडी कमान आणि तिला ताणून बांधलेली आतड्याची तात. लाकडी ठोकळ्यानं तात वाजवली की कापूस उडतो, मोकळा होतो, आणि एक घुमणारा आवाज चार घरं ओलांडून जातो. त्या आवाजावरून बायका घरातून गाठोडी घेऊन निघायच्या.

त्या वर्षी अब्बांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशनची वेळ हंगामानंतरची मिळाली होती. उन्हात त्यांना समोरचं सगळं दुधासारखं दिसायचं, त्यामुळे मोटरसायकल चालवणं बंद. भाऊ सुरतेला कामाला. मी डी.एड. होऊन घरीच होते, दुपारी एका कॉम्प्युटर सेंटरवर लोकांचे अर्ज टाइप करायचे. हंगाम बुडू द्यायचा नव्हता, म्हणून अब्बांना मागे बसवून मी गाडी काढली. धुनकी आडवी बांधलेली असायची, त्यामुळे समोरून येणारा माणूस आधीच रस्त्याच्या कडेला सरकायचा.

पहिल्याच दिवशी गावाबाहेर पडल्यावर अब्बांनी मागून विचारलं, "क्या दिखता?"

मी म्हटलं, काही नाही, रस्ता आहे.

ते गप्प झाले. त्या गप्प होण्यानं मला वाईट वाटलं. मग मी सांगायला लागले. वळणावरची विहीर, तिच्यावरचा बंद पडलेला मोटरचा डबा, पाटी वाचता न येण्याइतकी गंजलेली. अब्बा मधूनच म्हणायचे, विहिरीच्या मागे चिंच आहे का बघ. असायची. कधी नसायची, आणि मग पुढचे दोन मैल ते त्या चिंचेबद्दल बोलत राहायचे. ती कुणी लावली, तिच्याखाली कुणाच्या लग्नाची पंगत बसली होती. मी दिसणारं सांगायचे, ते होतं ते सांगायचे. आमचा रस्ता असा दोघांचा मिळून व्हायचा.

याच सुमारास मला ते मासिक सापडलं होतं. इंटरनेटवरचं मराठी साहित्याचं मासिक, चार-पाच जण आपापल्या नोकऱ्या सांभाळून चालवायचे. कुणाला मानधन नाही, लिहिणाऱ्यालाही नाही. संपादन करणाऱ्या मीनलताई दिवसा बँकेत काम करायच्या आणि घरची कामं उरकली की लेख वाचायच्या. मी त्यांना लोणारवर एक लेख पाठवला होता. कॉलेजच्या सहलीत सरोवर पाहिलं होतं, त्याची खोली, त्याचं खारं पाणी, देवळं, सगळं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं: माहिती चांगली आहे, पण यात तुम्ही कुठे आहात ते सापडत नाही. आमचा प्रवास विशेषांक येतोय, तुम्ही रोज जाता त्या रस्त्याबद्दल लिहाल का?

मला हसू आलं होतं. आमच्याकडे प्रवास म्हणजे तीर्थाला जाणं, नाहीतर दवाखान्यात जाणं. पिंजाऱ्याची फेरी हा प्रवास असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण अब्बांना सांगितलेलं सगळं डोक्यात साठलं होतं. मी रोज घरी आल्यावर ते वहीत उतरवू लागले.

नोव्हेंबर संपता संपता आम्ही पूर्णा ओलांडून वरवट बकालला फुफीकडे, म्हणजे अब्बांच्या बहिणीकडे, मुक्कामाला गेलो. नदीच्या त्या अंगाला जमीन काळी आणि सपाट, विहिरींचं पाणी खारट. चहासुद्धा थोडा खारा लागतो आणि तिथल्या माणसांना ते कळत नाही. उत्तरेला सातपुडा. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, ओळी थेट डोंगरापर्यंत गेलेल्या. लांबून पाहिलं तर पीक छान दिसत होतं. मी अब्बांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, एक बोंड तोडून दे.

मी गाडी थांबवून हिरवंगार बोंड तोडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते कानाशी नेऊन हलवलं, मग दाबून फोडलं. आत गुलाबी अळी होती आणि कापसाच्या जागी पिवळट, चिकटलेला गोळा. बीटी बियाणं आलं तेव्हा बोंडअळी हा शब्द लोक विसरले होते. माझ्या वयाच्या पोरांनी ती पाहिलीही नव्हती. आता ती बोंडाच्या आत बसून होती आणि बाहेरून काही कळत नव्हतं. ज्या गावांत दरवर्षी अंगणात कापसाचे ढीग असायचे तिथे रिकामी पोती वाळत घातली होती. काही वावरांत वेचणी अर्धवट टाकून लोकांनी गुरं सोडली होती. अब्बांनी विचारलं, क्या दिखता, तर मी त्या आठवड्यात दोनदा खोटं बोलले. म्हटलं, सगळं ठीक दिसतंय. त्यांना कळत असावं. धुनकीचा आवाज गावभर जायचा आणि गाठोडं घेऊन कुणी येत नसे.

विमलबाई आल्या. हे त्यांचं खरं नाव नाही, त्यांनीच मला सुचवलेलं आहे. गावाचं नावही लिहीत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी आहे इतकंच. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, उंच, भराभर चालणाऱ्या. दोन पोत्यांत रुई भरून आणली होती. लेकीचं लग्न फेब्रुवारीत होतं, तिच्यासाठी गादी करायची होती.

अब्बांनी पोत्यात हात घातला आणि लगेच बाहेर काढला. बोटांना त्यांची डोळ्यांहून जास्त खबर असायची. अळीनं खाल्लेल्या बोंडांतला कापूस, आमच्याकडे त्याला कवडी म्हणतात. पिवळा, आखूड, गाठी धरणारा. बाजारात कुणी हात लावत नाही. अब्बा एरवी कवडी पिंजायला घेत नसत. त्यांनी विमलबाईंना समजावलं की याची गादी वर्षभरात ढेकळासारखी होईल, त्यापेक्षा तयार गादी आणा.

"तयार गादी मले बी आनता येते, उस्मानभाऊ," विमलबाई म्हणाल्या. "पन पोरगी माह्या वावरातल्या कापसावर निजली पाह्यजे. औंदा वावरानं हेच देल्लं, तं हेच नेईन ते."

त्यांच्या नवऱ्यानं, देविदासभाऊंनी, पंधरा दिवसांपूर्वी उभ्या पऱ्हाटीवर रोटाव्हेटर फिरवून पीक मातीत गाडून टाकलं होतं. ट्रॅक्टर वावरात शिरायच्या आधी विमलबाई आणि लेक दोघींनी मिळेल तेवढं वेचून घेतलं. मग मायलेकी रोज बसून हातानं सरकी काढत होत्या. देविदासभाऊ त्या दिवसापासून वावराकडे फिरकले नव्हते आणि घरातही कामापुरतंच बोलत होते. हे सगळं विमलबाईंनी अब्बांना सांगितलं, मी शेजारी बसून ऐकलं. अब्बांनी पोतं पुन्हा जवळ ओढलं. मग त्यांनी धुनकी टांगली.

एका गादीच्या रुईला त्यांना एरवी अर्धा दिवस लागतो. ती त्यांनी दोन दिवस पिंजली. गाठ लागली की तातीचा आवाज बसायचा, अब्बा थांबायचे, गाठ बोटांनी सोडवायचे, पुन्हा ठोकळा मारायचे. तिसऱ्यांदा पिंजून झाल्यावर तो कापूस पांढरा झाला असं म्हणता येणार नाही, पण हलका झाला. लेकीनं त्याच्यावर हात फिरवला आणि ती लाजून आत गेली. अब्बांनी खोळ शिवताना टाके नेहमीपेक्षा जवळ जवळ घातले.

मी हे सगळं लिहिलं. जीव ओतून लिहिलं. नाव, गाव, लग्नाची गोष्ट, कवडीची गादी, ट्रॅक्टर. शेवटी गादी घरात नेताना विमलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं असंही लिहिलं. मीनलताईंचं उत्तर तीन दिवसांत आलं. लेख त्यांना फार आवडला होता. शेवटच्या ओळीत त्यांनी विचारलं होतं: तुम्ही त्यांना विचारलंत का?

मला राग आला. कौतुकाच्या खाली तो प्रश्न मला अपमानासारखा वाटला. आमच्या भागातलं मी लिहितेय, मी तिथलीच आहे, मला विचारायची काय गरज, असं मी उत्तरात लिहिलंसुद्धा. पाठवलं नाही. दोन दिवस तो मेल अर्धा लिहिलेला पडून राहिला. तिसऱ्या दिवशी लेख कागदावर काढून घेतला आणि एकटीच गाडी घेऊन निघाले. मागे कुणी विचारणारं नव्हतं, तरी बडबडत गेले.

विमलबाईंनी ओट्यावर बसून सगळं ऐकलं. मी वाचत असताना त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. डोळ्यांत पाणी आलं हे वाक्य आलं तेव्हा त्यांचा हात थांबला.

"मी रडली नव्हती," त्या म्हणाल्या.

मी ते वाक्य खोडलं. पुढे वाचलं. संपल्यावर त्यांनी विचारलं की हे कोण वाचतं. मी सांगितलं, कुणीही, मोबाइल असलेलं कुणीही, परदेशातलंसुद्धा. त्यांनी सोललेले दाणे सुपात सारखे केले.

"मंग हे नोको टाकू, बेटा. सोयरे वाचतीन. पोरगी अजून त्या घरात गेली बी नाही, अन् तिच्या आंगाखाली काय हाय ते साऱ्या जगाले माहीत. तू लिहिलं ते खरं हाय. पन ते तिचं हाय, तुह्यं नाही."

मी कागद घडी करून पिशवीत ठेवला. वाईट वाटलं ते खोटं कशाला सांगू. त्या लेखातली सगळ्यात चांगली दोन पानं तीच होती. विमलबाईंनी माझं तोंड पाहिलं असावं. हे कशाबद्दलचं मासिक आहे, असं त्यांनी विचारलं. प्रवासाबद्दल, मी म्हटलं. त्यांना हसू आलं. गादीवर माणूस निजतो, प्रवासाला जात नाही, मग गादी कशाला घातलीस त्यात, असं म्हणून त्या आत गेल्या, चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "प्रवास मी केला हाय. लिहाचं असंन तं तो लिही."

लग्नानंतरचं पहिलं वर्ष. कापूस सरकारी खरेदीत विकायचा ते दिवस. खामगावला बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या. सासरे आजारी पडले होते, म्हणून गाडी घेऊन नवरा निघाला आणि सोबतीला नवी नवरी. पूर्णा उतरून गेल्यावर नवऱ्याला थंडी वाजून ताप भरला. मागे फिरायचं तर नदीचा चढ, पुढे जायचं तर डांबरी रस्ता आणि ट्रक. विमलबाईंनी त्याला कापसात झोपवलं, वर घोंगडी टाकली आणि स्वतः कासरा धरला. माहेरी वावरातल्या वाटेवर गाडी हाकली होती, रस्त्यावर कधी नाही. ट्रकवाले मुद्दाम भोंगा वाजवायचे. पहिला ट्रक गेला तेव्हा त्यांनी कासरा ओढून गाडी थांबवली, दहावा गेला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

शेगावला रेल्वेचं फाटक बंद होतं. त्यांनी तोवर रेल्वे पाहिली नव्हती. आवाज आला तसे बैल बिचकले, त्यांनी उतरून बैलांच्या तोंडापुढे हात धरले, आणि आगगाडी दिसायला लागली तशा परत चढून कापसाच्या ढिगावर उभ्या राहिल्या. उभ्यानं सगळी रेल्वे पाहिली. खिडक्यांतली माणसं त्यांच्याकडे बघत होती. खामगावच्या रांगेत तीन दिवस गेले. शेकडो गाड्यांत बाई एकटीच. कुणी म्हणालं डोक्यावरून पदर घे, कुणी म्हणालं खाली उतरून बस. त्या वरच बसून राहिल्या. तीन दगडांवर भाकऱ्या केल्या, बैलांना पाणी दाखवलं, आणि नंबर आला तेव्हा गाडी फाटकातून स्वतः आत घातली.

"तितक्या उंचावरून मी पुन्हा कधी काही पाह्यलं नाही," विमलबाई म्हणाल्या. मग त्यांनी सूप उचललं. देविदासभाऊ घरी नव्हते. कुणाच्या तरी ओट्यावर बसून असतील, असं त्या म्हणाल्या.

मी तो प्रवास लिहिला. माझ्या आणि अब्बांच्या फेरीत मधोमध तो बसवला. गादी काढली, ट्रॅक्टर काढला. मीनलताईंनी या वेळी वऱ्हाडी बोलण्यावर हरकत घेतली. वाचकांना जड जाईल, त्यांनी लिहिलं, थोडं सरळ करू का? मी फोन केला आणि विमलबाईंचं बोलणं त्यांना जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मग त्या म्हणाल्या की राहू द्या, आणि मागच्या लेखाखालच्या त्या प्रश्नाबद्दल तुम्हाला राग आला होता का? मी हो म्हटलं. त्याही हसल्या, मीही.

लेख आला. ओळख नसलेल्या माणसांनी खाली लिहिलं की त्यांच्या आजीनं अशीच गाडी हाकली होती, कुणी लिहिलं की कापूस कुठल्या झाडाला येतो तेच मुलांना माहीत नाही. अब्बांचं ऑपरेशन तोवर झालं होतं. हिरवी पट्टी डोळ्यांवर घेऊन त्यांनी लेख ऐकला. महिन्याभरानं आम्ही पुन्हा त्याच रस्त्यानं गेलो तेव्हा ते सगळं निरखत होते. रस्ता तू सांगितलास त्याहून अरुंद आहे, एवढंच म्हणाले.

ते मासिक आता नाही. चालवणाऱ्यांपैकी एकजण परदेशी गेला, एकीला जुळी मुलं झाली, मीनलताईंची बदली झाली. पत्ता टाकला तर पान उघडत नाही. माझ्याकडे कागदावरची प्रत आहे. गादीची गोष्ट मी इतकी वर्षं कुठे लिहिली नव्हती. या दसऱ्याला विमलबाईंच्या लेकीचा फोन आला होता. तिला आता दोन मुलं आहेत. गादीत गाठी झाल्या तेव्हा तिनं सासूला स्वतःच सगळं सांगितलं, आणि सासूनं ती फेकू दिली नाही, दुसऱ्या कापसात मिसळून पुन्हा पिंजून घेतली. लिहिलं तर चालेल का, मी विचारलं. "लिही ना, ताई," ती म्हणाली. "आता ते माह्यंच हाय, मीच सांगून राह्यली."

पण लेख आल्यानंतरची एक दुपार सांगायची राहिली आहे. लग्न पार पडलं होतं. उन्हं तापायला लागली होती. मी मोबाइल घेऊन विमलबाईंना लेख वाचून दाखवायला गेले. शेजारच्या दोन बायका येऊन बसल्या. देविदासभाऊ त्या दिवशी घरी होते, दाराशी बसून अंबाडीचा दोर वळत होते. मी राम राम केला, त्यांनी मान हलवली. आमच्याकडे पाठ नव्हती त्यांची, पण तोंडही नव्हतं.

मी वाचत गेले. नदी, ताप, घोंगडी. ट्रकवाल्यांचे भोंगे आले तेव्हा बायका हसल्या. विमलबाई अवघडून बसल्या होत्या, स्वतःबद्दल कुणी इतकं सलग बोलतंय हे त्यांना झेपत नव्हतं. खामगावच्या रांगेत तीन दिवस नवरा कापसात तापानं पडून होता, हे वाक्य मी वाचलं आणि देविदासभाऊंचा दोर थांबला.

"तीन दिवस नाही," ते म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज घसा न वापरलेल्या माणसासारखा होता.

"ताप शेगावच्या अलीकडंच उतरला होता. घाम आला अन् मोकळा झालो. पन हे अशी खुशीत गाडी हाकून राह्यली होती, मले वाटलं, उठलो तं कासरा मागाव लागंन. मंग उठलोच नाही."

विमलबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "मंग फाटकापाशी रेल्वे आली तवा?"

"पाह्यली ना," देविदासभाऊ म्हणाले. "तू उभी होती. तुह्या मागून पाह्यली."

माझे दोन परिच्छेद अजून वाचायचे होते. मी मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. देविदासभाऊ दोर बाजूला सारून सांगायला लागले होते, रेल्वेला डबे किती होते, आणि विमलबाई म्हणत होत्या की नाही, त्याहून जास्त होते.